फ्लोट कानाशी धरून

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या कारखान्यातून निघत होतो. "भाऊजी, हे उठून नाही राहिले..." एवढंच त्या बोलल्या. वसंता गाडीशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. बॉनेट उघडं होतं आणि कार्बोरेटरमधला फ्लोट त्याच्या मांडीवर.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. भंडाऱ्यात लुगड्यांचं दुकान, दारात वडिलांच्या वेळची पांढरी गाडी. तिच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याच कार्बोरेटरच्या तोंडातून फाटकन जाळ निघायचा. अशा गाडीत कोण शहाणा बसेल? पण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात वहिनींचं माहेर बुडालं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या अंगणातल्या चिंचेचं खोड दिसतं, असं तिकडचे लोक सांगत. वहिनींना ते एकदा बघायचं होतं. "बसनं जाऊ ना," त्या म्हणत. "दारात गाडी असून बायकोले माहेरी बसनं नेऊ? लोक काय म्हणतीन?" हा हट्टी माणूस भडकायचा.

मग दर उन्हाळ्यात तेच. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट काढून तो कानाशी हलवायचा. "ऐक, पेट्रोल खेळून राहिलं आत." भोक पडलेला फ्लोट पेट्रोल पिऊन बुडायचा, पेट्रोल अडवणारी सुई बंद होत नसे आणि पेट्रोल बाहेर वाहायचं. गरम पाण्यात बुडवून, बुडबुडा कुठून येतो ते बघून तो भोकावर कथलाचा डाग लावून आणी. मग पुन्हा हलवून आवाज आला नाही की घरात हाक जाई, "चाल, लुगडं नेस!" डाग टिकत नसे. जाळाच्या फटाक्यांवर इलाज म्हणून त्यानं प्लग बदलले, टायमिंग फिरवलं. अखेर कळलं की कार्बोरेटरखालच्या जोडातलं गॅस्केट फाटून हवा ओढतंय. तर पठ्ठ्यानं लुगड्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच्या जागी बसवला! मिस्त्री ओरडला, मी ओरडलो... ऐकतो कोण?

गेल्या उन्हाळ्यात गाडी जवळच्या शहापूरपर्यंत गुमान जाऊन आली. वहिनी नवं लुगडं नेसून, डबा घेऊन बसल्या. दारातच फाट्! पुठ्ठा भिजून फाटला होता. मी गोणपाट टाकून जाळ विझवला. वहिनी डबा घेऊन उतरल्या. "पुढच्या साली नेतो," वसंता म्हणाला. मला त्याचा फार राग आला होता, अजून येतो.

तेरवीनंतर मी म्हटलं, "वहिनी, भाड्याची गाडी आणतो, खोड पाहून येऊ."

"आता कायले भाऊजी? माहेरी गेलेली बाई परत येते तं कोणासाठी येते?"

खिडकीत फ्लोट ठेवलेला होता. काहीतरी करायचं म्हणून उचलला, कानाशी हलवला. भोकातून पेट्रोल कधीच उडून गेलं होतं.

"येते का आवाज?" वहिनींनी विचारलं.

"नाही येत."

"हे असते तं म्हनले असते, चाल, लुगडं नेस."