मेजरसाहेबांची कंबर

फौजेतून पेन्शन घेऊन आल्यापासून मी शिरूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळतो. तिथल्या डॉक्टरीणबाई दोन सिझेरियनच्या मध्ये कंबर धरून भिंतीला टेकतात. "बाई, दुखतंय तर कुणाला तरी दाखवा की," म्हटलं की हसतात. मला नाही हसू येत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी पोस्टिंग डोंगरातल्या एका फील्ड हॉस्पिटलमध्ये होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सर्जन एकच, मेजर थॉमस, सहा फुटांच्या वर. ऑपरेशन टेबलाचा जॅक बिघडलेला, त्यामुळे टेबल खालीच बसलेलं. विटा लावून पाहिल्या, तर ते हलायचं. हलत्या टेबलावर सुरी कोण चालवणार? साहेब तासन्‌तास वाकून काम करत आणि मग जमिनीवर पाठ टेकून पडत. एखाद्या जवानाची कंबर धरली की हेच साहेब त्याला 'लाइट ड्युटी' लिहून देत. स्वतः मात्र कधी सिक रिपोर्ट केलं नाही, म्हणजे आजारी असल्याचं वर कळवलं नाही. डॉक्टरनं आजारी पडायचं नसतं, असा आमच्याकडे न लिहिलेला हुकूमच होता.

एका दुपारी रेडिओवर निरोप आला. "गाडी खाई में. दो सीरियस. ओव्हर."

"भेजो. ओव्हर," साहेबांनी सांगितलं.

पहिला शिपाई शिंदे. दौंड तालुक्यातल्या यवतचा, म्हणजे माझ्या शेजारच्या तालुक्यातला. मांडीची रक्तवाहिनी फुटलेली. मला ओळखून म्हणाला, "दादा, पाय ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल. तवर गप पड."

दुसरा त्याच गाडीचा ड्रायव्हर, लान्स नाईक हरपाल. त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. त्याला बाहेर रक्त चढवायला लावलं आणि शिंदेला आधी टेबलावर घेतलं.

शिंदेची रक्तवाहिनी चिमट्यात धरलेली असतानाच साहेबांच्या कमरेत उसण भरली. कपाळावर घाम फुटला. सरळ होता येईना, आणखी वाकताही येईना. चिमटा मात्र सोडला नाही.

"सँडबॅग लाओ," ते म्हणाले. "नीलिंग पोझिशन."

फायरिंग रेंजवर जवान गुडघा टेकून बसतो, तसा त्यांनी सँडबॅगवर गुडघा टेकला. टेबल खाली होतं म्हणून हात बरोबर पोचले. मी मागून त्यांच्या कमरेला माझा गुडघा लावून धरला. काम पुरं झालं. शिंदेचा पाय वाचला.

"नेक्स्ट," म्हणत साहेब उठायला गेले. डावा पाय उचललाच गेला नाही. ते बाजूला कोसळले. आम्ही त्यांना सावरून पुन्हा गुडघ्यावर बसवेपर्यंत बाहेर हरपालनं प्राण सोडला होता.

साहेबांनी हातमोजे काढून बाजूला टाकले. मग म्हणाले, "मैं पहले सिक रिपोर्ट करता, तो आज यहाँ दूसरा सर्जन होता."

"साहब, चोट बहुत थी," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण त्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. हरपालचं आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी त्याचा देह खाली न्यायला गाडी लागली. साहेबांनी स्ट्रेचरवरूनच सलामी दिली असती तरी चाललं असतं. पण ऐकतील तर साहेब कसले! आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सॅल्यूट ताठ उभं राहून करायचा असतो, हे नव्या रंगरूटालाही ठाऊक असतं. साहेबांना ताठ होता येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. शेवटी तसंच, टेबलावर वाकायचे तेवढं वाकून, त्यांनी हात कपाळाला लावला, आणि हरपालची गाडी वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही.