वळणावरची बाटली

मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्याला आम्ही गोव्यात पायलट म्हणतो. आमच्या शेताजवळून रोज हरमलला जाणारा एक पायलट अखंड बोलतो, फक्त वळणावर गप्प होतो. वळण सरलं की वाक्य थांबलं तिथूनच पुढे सुरू. मी कितीदा त्याच्या मागे बसलो आहे, एक शब्द हरवलेला ऐकला नाही.

लावणीच्या आदल्या दिवशी मी बांधावर होतो. त्याचा आवाज आला, "आमच्याकडे येतत ते पावणे तशे..." वळण आलं म्हणून तो गप्प झाला आणि तेवढ्यात मागच्या तरुण पाहुण्याने बिअरची रिकामी बाटली माझ्या शेतात भिरकावली. ती चिखलात गडप झाली.

मी शिवी जिभेवर घेऊनच धावलो. पण पायलटने शांतपणे गाडी थांबवून बंद केली, किल्ली खिशात टाकली, चपला काढल्या आणि स्वतःच चिखलात उतरला.

"पावण्यानू, बाटली काढूक व्हयी. उद्या हय लावणी, सगळी अनवाणी उतरतली."

पाहुणा घुटमळला. मग बूट काढून तोही उतरला. माझी शिवी विरली, मीही उतरलो. अर्धा तास आम्ही तिघं चिखल चाचपत होतो. शेवटी पाहुण्याने आरोळी ठोकून दोन्ही हात उंचावले. दोन्ही हातांत एकेक बाटली होती! दुसरी कुणाची, कोण जाणे.

गाडीला किक बसली. चिखलाने माखलेला पाहुणा हसत मागे बसला. वळण सरलं आणि पलीकडून पायलटचा आवाज आला, "...बरे असतत."