'ब्रिंग्ज'मधला एस

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि त्या साली आमच्या शिरूर अनंतपाळला पावसानं पाठ फिरवली होती. मी दहावीला होते. वहिनी नववीपर्यंत शिकलेली. लग्न झालं आणि तिची शाळा सुटली. सकाळी टँकरच्या रांगेत आम्ही दोघी घागरी घेऊन बसायचो. मी तिथंच इंग्रजीची वही उघडायचे.

'वहिनी अँड आय ब्रिंग्ज वॉटर' असं मी लिहिलं होतं. इंग्रजीच्या बाईंनी 'ब्रिंग्ज'खाली लाल रेघ मारली होती.

"वन्सं, ही रेघ कशाची?" वहिनीनं विचारलं.

"बाई म्हणतात, कर्ते दोन हायेत."

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. "मग रेघ बरोबर हाय की. एकटी पाणी आणते, दोघी आणतात. तुमचा त्यो एस एकटीचा. दुसरी आली की काढून टाका."

खालच्या तीन ओळींवरही तिनं बोट ठेवलं. शी गेट्स अप. शी फिल्स वॉटर. शी कुक्स.

"सारखं 'शी शी' काय करायलाव? बाई तीच हाय न्हवं? एकदा म्हणा, पुढं कामं जोडा. एस तेवढा प्रत्येक कामाला ठेवा."

वर्गात महिनाभर न कळलेलं मला त्या रांगेत कळलं. वहिनीनं समजावलं असं मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांग. घरी राहून परीक्षा देता येते."

घरी आईनं एवढंच विचारलं, "आन् पाणी कोण आणंल?"

"मी आणते," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात दादानं फॉर्म आणून वहिनीच्या हातात दिला.

माझी दहावी झाली. पुढच्या वर्षी वहिनी परीक्षेला बसली. इंग्रजीत तिला माझ्याहून जास्त मार्क पडले, पण गणितात राहिली. ऑक्टोबरला गणिताला परत बसली आणि पास झाली.

आईनं गल्लीत गूळ वाटला. वहिनी चुलीपाशी बसून मार्कमेमो बघत होती. शाळेच्या दाखल्यावरून त्यावर तिचं माहेरचं नाव आलं होतं.

"लई दिवसांनी कुणी हे नाव लिवलं," ती म्हणाली. मग पदराला हात पुसून तिनं तो कागद माझ्याकडं वाचायला दिला.