त्या आजीचं झाकलेलं ताट

दिग्रसकरांनो, आज पोरीच्या शाळेत गेलती अन् मन विटून घरी आली.

शाळेची सहल मागं चीनले, तिथली संस्कृती पाहायले गेलती. आज सरांनी पालकांना तिथला व्हिडिओ दाखवला. आपली पोरं शाकाहारी म्हणून तिथल्या शाळेतल्या स्वयंपाकीण आजीनं कोबी-गाजर भरून वेगळे मोमो उकडले होते. ती हसत ताट पुढं करून राह्यली, अन् आपली पोरं नाक दाबून "शी, किडे" म्हणून राह्यली. त्यात माझी पोरगीही होती. कॅमेऱ्यामागून सरांचाच आवाज येते, "अजून एकदा तोंड वाकडं करा." मग सगळ्यांनी घरून नेलेला चिवडा काढला.

हॉलभर पालक हसले. मले किळस आली. मोमोची नाही, आमची.

येताना पोरीले विचारलं, "चाखलं तरी का?"

ती म्हणे, "सगळ्यांसमोर कसं खाऊ, आई? पण कोणी मागून घेईन म्हणून त्या आजीनं आम्ही निघेपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं."

आपल्याकडं पाहुणा चहा न घेता उठला, तर आपण त्याले वर्षभर नावं ठेवतो. मग सांगा, त्या आजीनं आपल्या गावाले काय म्हणावं?