पैशाचं स्थळ पाहणारे मामा

दुसऱ्याचं भलं करायला निघालेल्या पैशालाही घाम फोडील असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. हे मला कळलं ते माझ्याच फजितीतून. मामांच्या गल्लीत अकरा बायका भाड्याच्या खोलीत कडक भाकरी करायच्या; त्यांचा हिशेब आणि सह्या मामांकडे. मालकाला खोली परत हवी होती आणि नवी शेड बांधायला भांडवल नव्हतं. मी कचेरीत फायली सरकवणारा, म्हणून पुण्याच्या एका सामाजिक गुंतवणूक कंपनीचा फॉर्म भरायला माझ्याकडे आला. ‘किती जणींचं आयुष्य बदललं?’ या रकान्यात अकरा हा आकडा मला फार रोडका वाटला. सुना, जावा, नणंदा धरून मी बासष्ट लिहिले. मग कंपनीच्या मॅडम आल्या आणि बासष्ट जणींना भेटायचं म्हणाल्या. मामांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “जावईबापू, बाकीच्या एक्कावन्न कुटं ठिवल्यात? बोलवा की!”

मामा पैशाची चौकशी मुलीसाठी स्थळ पाहावं तशी करतात. घर कुठलं, स्वभाव कसा, आधी कुठं नांदला. एका दानशूर कारखानदाराने देणगीसोबत दाराएवढी पाटी आणली, तेव्हा मामा पाटीमागे वाकून बघत म्हणाले, “देनगी कुटाय? दिसंना.” मॅडमनाही त्यांनी आधी भाकरी मुठीने फोडायला लावली, शेंगाचटणी वाढली आणि हळूच विचारलं, “तुमचा पैसा हितं किती वर्सं ऱ्हानार?”

“पाच. मग आम्ही आमचा हिस्सा विकून बाहेर पडतो.”

“आन् जाताना संगं काय काय न्हेनार?”

मॅडमनी घास खाली ठेवला. सगळी कागदपत्रं वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, “हिस्सा घेणारा कदाचित भाकरीचं यंत्र बसवेल. ते आमच्या हातात नसेल.” शिवाय एक अट होती: प्रत्येकीच्या भाकऱ्या रोज मोबाइलवर मोजायच्या, कमी पडेल तिच्या जागी दुसरी घ्यायची.

इथेच अडलं. त्या खोलीत मजुरी सगळ्यांना सारखी. अक्कलकोटकडच्या महादेवीअक्कांचा हात आताशा थरथरतो. त्यांच्या वाट्याच्या भाकऱ्या बाकीच्या गुपचूप थापतात. मोजणी आली की अक्का गेल्या. त्यांनीच परात बाजूला सारली. “सही करा की मामा. धा जनींचं छप्पर माझ्यापायी घालवू नका. मी जाते लेकीकडं.”

मामांनी चष्मा पुसला. “मॅडम, तुमी मानूस लई चांगल्या. पर तुमच्या मापात आक्का बसत न्हाईत,” म्हणत त्यांनी कागद दोन्ही हातांनी परत दिला, वर भाकऱ्यांची चवड बांधून दिली. इतक्या अदबीने सोयरीक मोडलेली मी आजवर पाहिली नव्हती.

पुढे खोली गेली. जागेअभावी दुकानदारांची मोठी ऑर्डरही गेली. दोघी चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागल्या. उरलेल्या नऊ जणी आता मामांच्या ओटीवर बसतात, अक्का मध्ये. आणि मामा घरातल्या घरात अंग चोरून वावरतात.

परवा तिथून परतताना मी स्कूटरवर बायकोला विचारलं, “मामांचं चुकलं का गं?”

ती म्हणाली, “चुकलं असेल. पण अहो, माझे हात थकले ना, की मला त्या ओटीवर नेऊन बसवा.”