एरचवाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वहिनीचं नाव मी हिरावून घेतलं. घरात सगळे त्याला थट्टा समजतात. ती थट्टा नव्हती. ते वाक्य मी तीन दिवस स्कूटरवर घोळवत होतो.

झाशीच्या दतिया गेटातलं आमचं घर बोलायला मराठी, पण सुनांच्या बाबतीत रीत इथली, बुंदेली. सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची. थोरल्या काकू बरुआसागरवाली, धाकट्या तालबेहटवाली, चुलत वहिनी समथरवाली. लहानपणी मी ही नावं नुसतीच म्हणत बसायचो, तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखी. त्यात सगळ्यांत देखणं नाव सख्ख्या वहिनीच्या वाट्याला आलं. बेतवेच्या काठचं एरच. आई माजघरातून 'एरचवालीऽ' अशी लांबवून हाक द्यायची आणि वहिनी हातातलं टाकून यायची.

दादा गेला तेव्हा तेराव्याला तिचे भाऊ आले होते. पुढच्या महिन्यात न्यायला येतो म्हणाले. आले नाहीत.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायको झाशीचीच, सिविल लाइंसमधली. रीतीप्रमाणे ती सिविल लाइंसवाली झाली. काका म्हणाले, ही सून आहे की टपालाचा पत्ता? पंगत हसली, तीही हसली. खोलीत येऊन मात्र रडली. जाऊबाईंच्या वाट्याला नदी, आणि माझ्या वाट्याला साहेबांचे बंगले, म्हणाली. बायकोचं नाव सुंदर करणं माझ्या हातात नव्हतं. वहिनीचं बिघडवणं होतं.

चौथ्या दिवशी जेवताना आईनं वहिनीला हाक मारली. मी मान वर न करता म्हणालो, "एरचवाल्यांनी नेलं का हिला? मग कसली एरचवाली? मागच्या खोलीत राहते, मागच्या खोलीवाली म्हणा."

वहिनी वरण वाढत होती. वाढून झाल्यावरच आत गेली.

संध्याकाळी तिनं मला मोरीपाशी एकटं गाठलं. त्या घरात माझ्याकडे कुणीच काही मागितलं नव्हतं कधी. "भावजी, दुसरं काहीही न्या माझं. तेवढं राहू द्या."

"होईल सवय," मी म्हणालो.

झाली. आई काही दिवस जुनीच हाक देत राहिली, पण वहिनीच त्या हाकेला ओ देईना. शेवटी आईही नव्यावर आली. माझी मुलं हिंदीतच बोलतात, ती तर जन्मापासून 'पीछेवाली काकी'च म्हणतात. त्यांना वाटतं, काक्यांची नावं असतात, त्यातलंच हे एक.

गेल्या वर्षी मुलीला कॉलेजसाठी बुंदेलखंडातल्या गावांची नावं गोळा करायची होती. समथर, चिरगाव, तालबेहट, एकेक मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, पप्पा, कितने सुंदर नाम हैं. एरचही तिनं वाचलं. वहिनी समोर मेथी निवडत होती. मुलीनं सहज विचारलं, "काकी, आप कहाँ की हो?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यहीं की," म्हणाली. "पीछे की."

मुलगी हसली. मी तिथेच खुर्चीत होतो. एक शब्द पुरला असता. मी चहा मागितला, आणि तो वहिनीनंच आणून दिला.

ती अजून त्याच खोलीत आहे. मी ते ठरवून केलं होतं, हे बायको-मुलांसमोर तिला सांगणं आणि तिची माफी मागणं माझ्याकडून बाकी आहे.