बुरूजकाकांची खूण

आखातात, सलमाबादच्या आमच्या मार्बल वर्कशॉपमध्ये जमिनीवर पडलेली क्रेनची साखळी बुरूजकाका कधी ओलांडत नसत. फोरमन कितीही ओरडो, ते वळसा घालूनच जायचे. आम्ही रत्नागिरीकडचे त्यांना चिडवायचो, "काका, यल्ला, चला लवकर!" ते शांतपणे म्हणायचे, "साखली मतलब घर."

काका कॉकेशसच्या डोंगरातले, ओसेतियाचे. तिथे घराण्याघराण्याचे दगडी बुरूज. आत चुलीवर साखळी टांगलेली. तिला धरून शपथ घ्यायची, सासरी निघालेल्या मुलीनं तिचा निरोप घ्यायचा. जिवाच्या भीतीनं पळत आलेल्यानं ती धरली, तर त्याला वैरीसुद्धा हात लावत नसे. बाहेर दगडात घराण्याची खूण कोरलेली. हे सगळं ते मोडक्यातोडक्या हिंदीत दर शुक्रवारी थोडं थोडं सांगायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांना दुसरं कोण होतं? मलाही कोणी नव्हतं, म्हणून ऐकत बसायचो.

त्यांच्या घराण्याचा बुरूज कधीच ढासळला होता. ती खूण नीट आठवणारा एकच माणूस उरला होता, गावातला थोरला भाऊ. तो फोनवर एकेक रेघ सांगायचा आणि काका टाकाऊ दगडावर कोरायचे. "इधर गोल? नहीं? खलास, फिर से." खूण पुरी झाली आणि महिन्याभरात भाऊ गेला. दगड त्याच्या थडग्यावर बसवायचा म्हणून नोकरी सोडून कायमचं गावी जायला काकांनी व्हिसा कॅन्सल करायला दिला.

आणि मी शहाणा! आमच्या धंद्यात दगडावर ओरखडा म्हणजे खोट. ऑर्डरच्या लाद्यांत तो तुकडा दिसला, पण तो काकांचा हे ध्यानातच आलं नाही. कुणीतरी छिन्नी चुकवलीय, असं म्हणत मी तो मशीनखाली घातला आणि रेघा जाईपर्यंत घासला. वर काकांना कौतुकानं दाखवला!

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दगडावरून नुसता तळवा फिरवला. "फोटो तरी काढलात ना?" मी विचारलं. भावाजवळ बसवल्यावर काढणार होते. पुढचे आठ दिवस ते नवे तुकडे कोरत होते आणि प्रत्येकाकडे बघून मान हलवत होते. विचारणार कुणाला? एका माणसाचं घराणं मी पुसून टाकलं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कागद-पेन्सिल दिली. "आखरी बार तुमने देखा. बनाओ."

खरंच, शेवटचं मीच पाहिलं होतं. पेन्सिल टेकवली. एक रेघ आठवेल तर शपथ! मला रडूच फुटलं, तर काकाच माझी पाठ थोपटत राहिले.

गाडीचा हॉर्न वाजला. काकांनी तो कोरा कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि पासपोर्टात ठेवला.